कूलर अजून चालूच हाय का?

"काहून वो वहिनी, गादीले काये ठिपके कशाचे?"

पलीकडच्या काकूंनी कंपाउंडवर कोपर टेकवून असं विचारलं, की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. अमरावतीत आठवडाभर झड लागलेली. जरा उघडीप मिळाली म्हणून मी गाद्या बाहेर काढल्या, तर काकूंनी तेवढ्या अंतरावरून हेरलं.

"अलमारी सरकवून पायली का?"

पाहिली होती. मागची भिंत काळ्या-हिरव्या बुरशीने माखलेली, आणि कुबट वास पार शालूच्या घडीपर्यंत पोचलेला.

"कूलर चालूच असन मंग."

"उकडतं ना हो काकू रात्री."

"उकडनारच. मे महिन्यात आमच्या अकोल्यात पारा 45 च्या वर जाते, पन हवा कोरडी रायते. पॅडमधलं पानी उडते, म्हनून गार लागते. आता हवाच वली हाय. गार तर लागत नाई, वरून भित भिजते. पंप बंद करा, निस्ता पंखा राहू द्या."

खरं आहे. आमच्या गल्लीत पोळा आला तरी कूलर उतरत नाहीत. खिडकी त्यानेच अडवलेली, उरलेली फट डासांपायी पुठ्ठ्याने बुजवलेली, आणि आत दोरीवर न वाळलेले कपडे. खोलीतला ओलावा 60 टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीला फारसा वाव नसतो म्हणतात. झडीत, तेही कूलर लावून, तो कसला आत राहतोय!

"अन् पहिले बुरशीच हाय का थे पाहा," काकूंनी आवाज उतरवला, म्हणजे आता नात्यातलं काही निघणार. "आमच्या जाऊबाईनं दर्यापूरले भित घासून घासून पार सोलली. थे बुरशी नव्हतीच माय, लोना होता!"

दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने तो गेलाय. तिथल्या बोअरच्या पाण्यावर बांधकाम झालं की क्षार भिंतीतच मुरतो, आणि ओल आली की पांढरा भुगा होऊन बाहेर पडतो. काकूंची परीक्षा सोपी: ओलं बोट लावायचं. विरघळला तर लोणा, डाग तसाच राहिला तर बुरशी.

"बुरशी असली तर ब्लीचिंग पावडर पान्यात कालवा, तोंडाले फडकं बांधा अन् वल्या कापडानं पुसा. कोरडा झाडू नाई मारायचा, साऱ्या घरात उडते. अन् त्या कोपऱ्यावरच्या जावयासारखं करू नका."

"काय केलं जावयानं?"

"संडासचं अ‍ॅसिड ओतलं ब्लीचिंगमध्ये! हुशारी दाखवाले! असा वायू निघाला, की सासू खोकत खोकत रस्त्यावर. घरजावई हाय, कोन बोलनार?"

तो वायू म्हणजे क्लोरीन. बंद खोलीत जीवावर बेततं.

मग गाडी जुन्या घरांवर आली. दर दिवाळीला भिंती पोतारायच्या, चुना फासायचा. ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि मातीची भिंत प्यायलेलं पाणी उन्हाळ्यात सोडूनही देते. आता पुट्टी, तिच्यावर प्लास्टिक पेंट. आतली ओल आतच कोंडते आणि पोपडे धरतात. दुकानदार त्यावरही एक डबा काढून देतो. मला तो डबा घ्यायचा होता, हे मी काकूंना सांगितलं नाही.

"वल खालून चढली का वरून उतरली, हे पाहिलं का पन तुमी? खालून असली तर पायव्याशी पानी साचून रायते, आपली काई माती लवकर सोडत नाई. वरून असली तर स्लॅब नाईतर पाईप. अन् निस्ती अलमारीमागं असली, तर अलमारी चार बोटं पुढं घ्या. पेंटरले काय कळते?"

पेंटर संध्याकाळी आलाच. भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "ताई, आता हात नाई लावत. ऑक्टोबरचं ऊन खाऊ द्या, भित खडखडीत वाळली का फोन करा." गिऱ्हाईक परत पाठवणारा पेंटर विरळा, त्याचा नंबर जपून ठेवलाय, कोणाला हवा असेल तर मागा.