कंसाच्या आत

सातारच्या माझ्या मित्राने फोन उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘कोण गेलं?’

कोणीही गेलं नव्हतं. मी न्यू जर्सीला मुलाकडे आलो होतो आणि दर रविवारी रात्री आठच्या ठोक्याला या मित्राला फोन करत होतो. त्याच्याकडे तेव्हा सोमवार सकाळचे साडेसहा वाजलेले असत. चहा घेऊन तो अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागायच्या बेतात असे. त्या सोमवारी मात्र पहाटेचे साडेपाचच वाजले होते. आपल्याकडे पहाटे साडेपाचला परदेशातून फोन आला, की घरातली बाई आधी देवापुढे दिवा लावते आणि मग फोन उचलू देते.

झालं होतं असं, की मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथे रात्रीचे दोन वाजले की घड्याळं एकदम तीनवर नेतात. ‘अरे, पण घड्याळ पुढे केलंस तर फोन उशिरा यायला हवा. लवकर कसा आला?’ मित्राने रास्त शंका काढली. चौतीस वर्षं विम्याचे हप्ते मोजलेल्या माणसाला उत्तर सुचेना, म्हणून मी त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली.

त्याच आठवड्यात नात वही घेऊन आली. विषय प्रीकॅल्क्युलस. म्हणजे कॅल्क्युलसचं केळवण, फक्त यात जेवायला काही मिळत नाही. ‘आबा, तुला ग्राफ्स येतात?’ मी म्हटलं, येतात. आमच्या काळी त्यांना आलेख म्हणत, फंक्शनला फलन म्हणत आणि एक्सला क्ष. पॅराबोलाला तर अन्वस्त म्हणत. तो शब्द ऐकून ती ‘ब्लेस यू’ म्हणाली.

सुरुवात झकास झाली. फलनाच्या बाहेर तीन मिळवले, की अख्खा आलेख तीन घरं वर. बाहेरून दोनाने गुणलं, की प्रत्येक उंची दुप्पट. मात्र जिथे शून्य होतं तिथे शून्यच. हे मला कोणी शिकवायला नको. सरसकट तीनशे रुपये वाढ आणि टक्केवारीने वाढ यांतल्या फरकावर मी युनियनच्या बैठकीत घसा बसेपर्यंत भांडलो आहे. सरसकट वाढीत शिपाई आणि साहेब सारखेच वर सरकतात, टक्केवारीत साहेब ताणला जातो. बाहेर उणे चिन्ह लावलं, की दरीचा डोंगर आणि डोंगराची दरी. नात खूश, आबा त्याहून खूश.

मग आला कंस. क्षच्या वर्गाचा वाटीसारखा आलेख. वाटीचा तळ शून्यावर. आता वर्ग क्षचा नाही, कंसातल्या ‘क्ष अधिक एक’चा. वाटी कुठे जाईल? ‘अधिक एक, म्हणजे एक घर उजवीकडे,’ मी छातीठोकपणे सांगितलं. तिने तसं काढलं. दुसऱ्या दिवशी वही लाल होऊन आली. वाटी डावीकडे जाते.

देवकीपासून चालत आलेला अनुभव आहे, कंसाच्या कैदेत गेलं की सगळं उलटंच होतं. आत अधिक केलं की डावीकडे, वजा केलं की उजवीकडे. आत दोनाने गुणलं तर आलेख पसरायच्या ऐवजी आक्रसून निम्मा. फलनाच्या अक्षरापुढे कंस घालायची ही पद्धत पहिल्यांदा सापडते ती लेओनार्ड ऑयलरच्या १७३४ च्या सुमाराच्या एका लेखात. पुढे तेरा मुलांचा बाप होणाऱ्या माणसाला काहीतरी कुंपणात ठेवावंसं वाटणारच. पण त्या पहिल्याच कंसातसुद्धा क्ष साधा नव्हता. त्याला एका अक्षराने भागून वर दुसरं अक्षर मिळवलेलं होतं! म्हणजे छळ जन्मापासूनचा आहे.

गुणाकाराचं कोडं सौभाग्यवतींनी सोडवलं. त्या मोबाइलवर कीर्तन दीडपट वेगाने ऐकतात. नव्वद मिनिटांचं कीर्तन साठ मिनिटांत आटोपतं, उरलेल्या वेळात मालिका होते. मी नातीला म्हटलं, बघ, आजीने वेळेला आत दीडने गुणलंय, म्हणून कीर्तन आखडलं. बुवांचा आवाज मोठा केला असता तर ते बाहेरून गुणणं. बुवांना यातलं काही कळवू नये असं ठरलं.

आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघता बघता माझी ट्यूब पेटली. घड्याळात एक तास मिळवला, म्हणून आठ लवकर वाजले! वाटीच्या तळाला कंसात शून्य हवं असतं. क्षमध्ये कोणी आधीच एक टाकून ठेवला असेल, तर ते शून्य उणे एकवरच भेटतं. माझ्या फोनला आठ हवे असतात. घड्याळात कोणी आधीच तास टाकून ठेवला, तर ते आठ साताऱ्याच्या साडेपाचलाच भेटतात. मी हे इतक्या मोठ्याने सांगितलं, की सून वरून धावत आली.

त्या उत्साहात पुढच्या गणिताला मी पुन्हा आपटलो. कंसात ‘दोन क्ष वजा सहा’ होतं. मी म्हटलं, सहा घरं उजवीकडे. नातीने या वेळी माझं ऐकलं नाही. ‘आबा, आधी दोन कॉमन काढ. मग आत एक्स वजा तीन राहतं. तीनच घरं.’ मी क्षच्या जागी तीन घालून पाहिले. शून्य आलं. सामाईक अवयव आधी काढावा हे आमच्या मास्तरांनी छडी घेऊन सांगितलं होतं; तेव्हा माझं लक्ष छडीकडे होतं.

रविवारी मी मित्राला हे सगळं आलेखासकट समजावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, जांभई दिली आणि म्हणाला, ‘ते सगळं खरं. पण आत्ता परत साडेपाचच वाजलेत.’

हल्ली मी नऊला फोन करतो.