चिंदीकाका

चिंदीकाकांच्या सदऱ्याच्या खिशात पाकीट नसतं, चिंदी असते. पांढऱ्या फ्लॅनेलची, दहा सेंटिमीटर बाय पाच, कडा सरळ कापलेल्या. पाकीट काकूंकडे असतं आणि ते तिथंच बरं आहे.

मराठा पलटणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त होऊन घोटीला आले, भात लावू लागले, पण डोळ्यांपुढची नळी काही हटली नाही. समोर कुठलीही पोकळ वस्तू आली की काका ती उजेडाकडे धरतात आणि एक डोळा मिटतात. मोरीचा पाइप, नातवाची पिपाणी, शेजाऱ्याच्या स्कूटरचा सायलेन्सर, कशाचीही सुटका नाही. एका वरातीत त्यांनी बँडवाल्याची क्लॅरिओनेट मागून घेतली, आत पाहिलं, ‘च्यक्’ केलं आणि दुसऱ्या खिशातून फुलतरू काढला. फुलतरू म्हणजे एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंदी अडकवायचा फास असलेली दोरी. बँडवाला चिडेल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं उलट आपल्या पेटीतून तसाच एक काढून दाखवला. क्लॅरिओनेटलाही तो लागतो म्हणे. दोघं रस्त्यातच ओल्या चिंदीवर बोलत उभे राहिले, वरात ताटकळली. घोडीला तेवढाच आराम.

काकांचा खरा विषय मात्र गोळी बदलण्याचा. पलटणीत भानगड नव्हती: आत गाभा, वर तांब्याच्या मिश्रधातूचा कोट, सगळ्यांना एकच माल. मग पुतण्यानं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडे हौशी लोक घरीच शिसं वितळवतात, साच्यात गोळ्या ओततात, त्यांना प्लॅस्टिकच्या रंगाची पूड फासतात आणि दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. लाल, हिरव्या, निळ्या गोळ्या पाहून काकांना आधी वाटलं, पोरगा जेम्सच्या चॉकलेटी गोळ्यांची जाहिरात दाखवतोय.

आपल्याकडे परवान्याशिवाय घरी काडतूस भरलं तर थेट तुरुंग. त्यामुळे रंगीत गोळी काकांनी आजवर हातात धरलेली नाही. पण न पाहिलेल्या गोळीबद्दल इगतपुरी तालुक्यात त्यांच्याइतकं कोणी बोललेलं नसेल.

‘‘तांब्याच्या कोटाची गोळी गेली,’’ काका चहाच्या टपरीवर ग्लास आडवा धरून सांगतात, ‘‘की नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत तांब्याचा पापुद्रा बसतो. तेलाच्या चिंदीनं तो हलत नाही. अमोनियाचं औषध घाला. चिंदी निळी आली, म्हणजे तांबं अजून आत आहे. परत घाला. पांढरी येईपर्यंत जेवायचं नाही. आता तीच नळी तशीच ठेवून रंगाची गोळी सोडली, तर त्या खडबडीवर तिचा रंग खरवडतो, उघडं शिसं नळीला फासतं, आणि गोळी निघाली कावनईला ती पोचली टाकेदला!’’

‘‘आणि उलटं केलं तर?’’ असं कोणीतरी नवखा विचारतोच. शिशानंतर तांब्याच्या दोन गोळ्या मारल्या की नळी आपोआप धुऊन निघते, असं बऱ्याच नेमबाजांना वाटतं. हे ऐकलं की काका ग्लास खाली ठेवतात. ‘‘थोडं निघतं. बाकीचं इस्त्री होऊन बसतं. वर दाब वाढतो तो निराळाच.’’

हे सगळं एका झटक्यात कळलं ते फक्त भातगिरणीवाल्याला. तो म्हणाला, ‘‘काका, आमचं तेच. इंद्रायणीच्या मागोमाग १००८ टाकला, तर पहिल्या पायलीत दोन्ही येणार. मशीन रिकामं करूनच घ्यावं लागतं.’’ काकांनी त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली. गिरणीवाला मात्र आता पस्तावतो. भर हंगामात बाहेर ट्रॅक्टर उभे असतात, आणि काका आपली चार पोती घेऊन म्हणतात, ‘‘आधीच्याचा कण राहिला नाही ना? मला आत बघू दे.’’

इतिहासाकडेही ते नळीतूनच बघतात. १८५७ सालचा उठाव काडतुसाच्या चरबीवरून पेटला हे शाळेत सगळेच शिकतात. पण चरबी लावली कशाला? तर एनफिल्ड बंदुकीत गोळी तोंडाकडून ठासावी लागे, काळ्या दारूचा मळ पिळात साचे, आणि वंगण नसेल तर काही बारांनंतर गोळी आत सरकेना. ‘‘म्हणजे बघा,’’ काका म्हणतात, ‘‘राणीचं राज्य आलं ते मळानं.’’ हायस्कूलच्या सरांना हे अजिबात मान्य नाही. त्यांचंही बरोबर आहे, पण चहाचे पैसे काका देतात.

देवळालीच्या तोफखाना शाळेबद्दल त्यांना विशेष आदर. तोफगोळ्याच्या कमरेलाही तांब्याचा पट्टा असतो आणि तोही नळीत अंश ठेवून जातो. तोफेत कुठवर चिंद्या ओढणार? म्हणून दारूच्या पिशवीबरोबर शिशाचा किंवा कथलाचा पातळ पत्रा घालतात. बाराच्या उष्णतेनं तो वितळून तांब्यात मिसळतो, तांबं ठिसूळ होतं आणि पुढच्या गोळ्याबरोबर निघून जातं. हे सांगताना काकांचा आवाज कीर्तनकारासारखा लागतो. पदकातही त्यांना नळीच दिसते. २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, सगळं गाव पेढे वाटत होतं, आणि काका टीव्हीच्या काचेला नाक लावून विचारत होते, ‘‘लॉट कोणता होता?’’ त्या पॉइंट टू टू रायफलची गोळी उघड्या शिशाची, वर वंगणाचा हलका हात. प्रत्येक कंपनीचं वंगण निराळं. माल बदलला की नळीला सवय होईपर्यंत काही गोळ्या वाया घालवाव्या लागतात. नेमबाज म्हणूनच आपल्या नळीला मानवणारा लॉट शोधून साठवून ठेवतात. एवढं ऐकून घेतल्यावरच काकांनी पेढा घेऊ दिला.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बऱ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तो काकांचा सण. रानडुकरांपासून भात राखणारे शेतकरी आपली बारा बोअर गोणपाटात गुंडाळून येतात, आणि बाहेर काका उभे: ‘‘शेवटची चिंदी कधी मारली होती?’’ सरकारी फॉर्म सोपा वाटतो.

पण कमाल झाली ती जत्रेत. फुगे फोडायच्या दुकानात काकांनी दहा रुपये दिले, छऱ्याची बंदूक मोडून नळी उजेडाकडे धरली आणि घाबरेच झाले. घोटीचा पाऊस पिऊन आत गंज, गंजावर शिसं, शिशात अडकलेला एक जुना छर्रा. मागं पोरांची रांग वाढत होती. काकांनी फुलतरू काढला, दुकानदाराच्याच दिव्याचं तेल घेतलं आणि चिंदी पांढरी येईपर्यंत मांडी घालून बसले. मग उठले आणि एकामागून एक फुगे फोडत सुटले. तीच बंदूक पुढच्या पोरानं घेतली, त्यानंही चार फोडले. दुकानदारानं हात जोडले, ‘‘काका, नळी सुधारली तुम्ही, पण माझा धंदा बसवला ना!’’

तेव्हा घोटीला तांदूळ भरायला गेलात आणि टपरीवर एखाद्या म्हाताऱ्यानं तुमच्या हातातली उसाच्या रसाची नळी मागितली, तर देऊन टाका आणि दुसरी घ्या. हातात वेळ नसेल तर ‘आत काय दिसतं?’ असं मात्र विचारू नका.