पुढे उतारच आहे

हौशी सायकलवाला तीन बाबतींत कधीच खरं बोलत नाही: सायकलची किंमत, पुढचा चढ आणि आपण हे सगळं का करतो याचं कारण. एरवी ही माणसं चोख असतात. आमच्या गटातल्या सीएंनी दुसऱ्यांच्या ताळेबंदात दडवलेले आकडे हुडकण्यात हयात घालवली आहे. पण त्यांची प्रत्येक नवी सायकल घरात येते ती 'अमेरिकेला चाललेल्या मित्राने जवळजवळ फुकट दिली' म्हणून. हा मित्र दर दोन वर्षांनी अमेरिकेला जातो आणि परत कधी येतो ते वहिनींनी आजवर विचारलेलं नाही. त्यांनाही सगळं ठाऊक आहे असा गटातल्या डॉक्टरांचा कयास आहे.

दसरा झाला, पाऊस उघडला, की गटाच्या कप्तानांचा शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर निरोप येतो. यंदाचा असा होता: 'रविवार. कात्रज – कापूरहोळ – नारायणपूर – सासवड – दिवे घाट – पुणे. साधारण ९० किमी. आरामात जाऊ. कुणालाही मागे सोडणार नाही.' यातली गावांची नावं तेवढी खरी मानायची. 'आरामात' म्हणजे कप्तानांना आराम वाटेल अशा वेगाने. आणि 'मागे सोडणार नाही' म्हणजे वरती चहाच्या टपरीवर थांबू, तुम्ही पोचलात की लगेच निघू.

पहाटे पाचला स्वारगेटला जमलो. कप्तान वाकडला राहतात. पर्यावरणासाठी सायकल चालवा असं ते सर्वांना कळकळीने सांगतात आणि सायकल मोटारीच्या पाठीवर बांधून स्वारगेटपर्यंत आणतात.

धनकवडी ओलांडेपर्यंत रस्ता कुत्र्यांचा असतो. रात्रभर ट्रक, रिक्षा, बुलेट सगळं सोडून देणारी कुत्री सायकल दिसताच कर्तव्याला जागतात. यावर जाणकारांत दोन मतं आहेत. एका मताप्रमाणे शांतपणे उतरावं, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मधे धरावी आणि त्याच्या नजरेला नजर न देता चालत सुटावं. दुसऱ्या मताप्रमाणे पळावं. पहिलं मत सगळे मांडतात, दुसरं अमलात आणतात. डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञ आहेत, पन्नाशीनंतर एकदम जोर लावू नये असं ते रुग्णांना बजावतात. त्यांच्या घड्याळात नोंदलेला आजवरचा सर्वांत जास्त ठोका मात्र कुठल्या घाटातला नाही, धनकवडीतल्या एका दूध डेअरीसमोरचा आहे.

सपाट रस्त्यावर सायकलवाल्याची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेपायी आठपट ताकद लागते, आणि पुढच्याच्या मागच्या चाकाशी चिकटून चाललं की त्यातली बरीच वाचते. हे विज्ञान कळल्यापासून आमच्यात कमालीची सभ्यता आली आहे. 'या ना, पुढे या', 'छे छे, आधी तुम्ही' असा आग्रह कात्रज येईपर्यंत चालतो. पुण्याच्या कुठल्याही चौकात वाहनचालकांनी एकमेकांना एवढा मान दिल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

जुन्या कात्रज घाटात सभ्यता संपते. चढावर वेग मंदावतो, हवेचं काही चालत नाही, उरतं ते फक्त वजन. सायकल दोनशे ग्रॅमनी हलकी व्हावी म्हणून सीएंनी दिवाळीचा बोनस खर्च केला आहे, आणि त्याच दिवाळीत स्वतःचं वजन चार किलोंनी वाढवलं आहे. प्रत्येक वळणावर कप्तान वरून ओरडतात, 'एवढं वळण झालं की संपला!' हे ते पहिल्या वळणापासून सांगतात, त्यामुळे शेवटच्या वळणावर त्यांचं म्हणणं खरं ठरतं आणि दरवेळी त्यांची पत वाढते. जुना बोगदा ओलांडला की पलीकडे शिंदेवाडीपर्यंत घसरगुंडी, मग महामार्ग. टोलनाका आला की सीए खुशीत येतात. सायकलला टोल नाही. तिथून जाताना ते सावकाश, मान ताठ ठेवून जातात. सरकारने काहीही न मागता सोडून देण्याचा प्रसंग त्यांच्या व्यवसायात विरळाच.

कापूरहोळच्या अलीकडे त्यांचंच मागचं चाक बसलं.

आता पंक्चर ही आम्हाला नवी गोष्ट नाही. प्रत्येकाच्या सीटखालच्या पिशवीत जादा ट्यूब असते, टायर उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, इवलासा पंप असतो. सीएंची स्वतःची जादा ट्यूब मागच्या रविवारी वापरून झाली होती. डॉक्टरांनी आपली दिली. पाच मिनिटांत ती आत गेली आणि मग ध्यानात आलं की सीएंच्या चाकाची कड चांगली पाच सेंटिमीटर उंच आहे. ही उंच कड हवा छान कापते. पण तिच्यातून बाहेर यायला व्हॉल्व्हही तेवढाच लांब लागतो, आणि डॉक्टरांच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह भोकातून जेमतेम टोक दाखवून थांबला. पंप पकडणार कशाला? सगळ्यांच्या ट्यूबा काढून मापं घेतली. सगळे आखूड. लाखाच्या घरातलं चाक, सहा शहाणे, पाच ट्यूबा, आणि हवा शून्य.

सायकल खांद्यावर घेऊन सीए कापूरहोळच्या पंक्चरवाल्याकडे पोचले. चवड्याखाली प्लॅस्टिकचा ठोकळा असलेले ते बूट घालून चालायचं म्हणजे नव्या नालांच्या बैलासारखं खटखट करत, पुढचा भाग वर उचलत चालावं लागतं. पंक्चरवाला ट्रॅक्टरच्या टायरवर बसून दात घासत होता. त्याने आधी बूट पाहिले, मग चड्डी पाहिली, मग सायकल पाहिली.

'व्हॉल्व्ह कुठाय?'

'हा काय.'

'ह्यो? ह्यो खिळा हाय.'

या बारीक व्हॉल्व्हच्या टोकाला इवलीशी चकती असते. ती आधी सैल करायची, टोक बोटाने दाबून फुस्स करायचं, मग हवा भरायची. सीएंनी प्रात्यक्षिक दाखवलं. पंक्चरवाल्याने ते संयमाने पाहून घेतलं आणि तोंड धुतलं. मग फाटकी ट्यूब मागितली, फुगवली, घमेल्यातल्या पाण्यात इंच इंच फिरवली. बुडबुडे आले तिथे बोट ठेवलं, पुसलं, कानशीने घासलं, सोल्युशन लावून फुंकर घातली आणि ठिगळ चिकटवून वर हातोडीचा एक टोला दिला. आम्ही सहाजणांनी तासाभरात जे केलं नव्हतं ते त्याने सात-आठ मिनिटांत केलं. पण त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड काही 'खिळ्या'ला बसेना. त्यासाठी एक पितळी टोपी मिळते. ती कप्तानांकडे आहे, दुसऱ्या पिशवीत, वाकडला. शेवटी आमच्याच इवल्या पंपाने पाळीपाळीने हवा भरली. डॉक्टर नाडी बघत होते, बहुधा स्वतःची.

पैसे झाले तीस. मग त्याने तो प्रश्न विचारला. 'केवढ्याची?'

'पंधरा हजार,' सीए म्हणाले. पापणी लवली नाही.

त्याने सायकल दोन बोटांनी उचलली, तोलली आणि खाली ठेवली. 'पंधरा हजारात एवढंच दिलं? फसवलं तुमास्नी सायेब. आमच्यात शेळीबी वजनावर घेत्यात.'

कापूरहोळ हे संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊचं गाव. आम्ही तिथे दुधाचा चहा घेतला आणि डावीकडे वळलो.

केतकावळ्याच्या बालाजीपर्यंत रस्ता माणसासारखा वागतो. पुढे नारायणपूरच्या बाजूला तो जो उठतो, तो समोर पुरंदर किल्ला दाखवत दाखवत उठतो. १६६५ साली याच किल्ल्याला दिलेरखानाने वेढा घातला आणि पुढे पुरंदरचा तह होऊन महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. त्या चढाच्या मध्यावर मला कुणी तह विचारला असता, तर मी सायकल, शिरस्त्राण आणि सीएंना देऊन मोकळा झालो असतो. शेवटचा गिअर कधीच पडला होता. तरी अंगठा आणखी एक शोधत राहतो. आधीच्या शोधात जो सापडला नाही तो आता सापडेल, असं अंगठ्याला का वाटतं ते कळत नाही. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर जमतो, हँडलच्या नळीवर पडतो, आणि पुढचा थेंब पडेपर्यंत रस्त्याकडेचा मैलाचा दगड जागचा हलत नाही.

'पुढे उतारच आहे!' वरून कप्तान.

तसं पाहिलं तर यात खोटं काही नाही. जगातल्या प्रत्येक चढापुढे उतार आहे. मधल्या अंतराबद्दल ते बोलत नाहीत इतकंच.

एवढ्यात एक गृहस्थ स्प्लेंडरवरून शेजारी आले. माझ्या वेगाने गाडी चालवणं त्यांना जड जात होतं, दोन्ही पाय जमिनीला टेकत टेकत त्यांनी चौकशी केली.

'कुठनं आला?'

'पुण्याहून.'

'कुठं निघाला?'

'पुण्याला.'

त्यांनी थोडा वेळ विचार केला. 'मग तितंच का न्हाई ऱ्हायला?'

मी म्हटलं, तब्येतीसाठी. त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला आणि 'पानी प्या,' म्हणून गाडीला गिअर टाकला.

तब्येतीचं कारण सासवडपर्यंत टिकत नाही. नारायणपूरला एकमुखी दत्ताच्या देवळाबाहेरून हात जोडले, कारण त्या कपड्यांत भाविकांच्या रांगेत शिरायचं धाडस डॉक्टरांनाही झालं नाही, आणि थेट सासवडला मिसळीच्या टेबलावर उतरलो. घड्याळाने जळालेल्या कॅलरींचा आकडा दाखवला. त्या आकड्याच्या भरवशावर मिसळ, जादा पाव, जादा तर्री, बटाटेवडा आणि 'वाटून घेऊ' म्हणून मागवलेली जिलबी प्रत्येकी एक प्लेट झाली. डॉक्टरांनी मीठ शरीरातून किती जातं यावर व्याख्यान दिलं आणि फरसाण मागवलं.

सासवड हा आचार्य अत्र्यांचा मुलूख. दहा हजार वर्षांच्या खालचं माप ज्यांनी सहसा वापरलं नाही, त्यांच्या भूमीत आमचेही आकडे वाढीला लागतात. तासाभरापूर्वीचा आठ टक्क्यांचा चढ रश्शाबरोबर बारावर गेला, चहाबरोबर पंधरावर. स्ट्राव्हा नसतं तर जिलबीपर्यंत तो भिंत झाला असता. उपग्रहाकडून सगळं मोजून घेणाऱ्या या ॲपने आमच्या कलेचं फार नुकसान केलं आहे. पण सीएंनी त्यावरही तोड काढली आहे. राईड ब्याण्णव किलोमीटरची झाली की ते सोसायटीत शिरून पार्किंगमधून गोल गोल फिरत शंभर पूर्ण करतात. वॉचमन आता न विचारताच फाटक उघडं ठेवतो आणि किती उरले ते मोठ्याने सांगतो.

मिसळीच्या टेबलावर नेहमी बीआरएमचा, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या राईडचा, विषय निघतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचं, बाराशे किलोमीटर, नव्वद तासांत. नाशिकचे महाजन डॉक्टरबंधू २०१५ साली दोघांच्या जोडीने सायकलवरून सबंध अमेरिका ओलांडून आले, ती गोष्ट कप्तान अशी सांगतात की आपण मागच्या चाकाशी होतो असं वाटावं. सगळे भारावतात. पुढच्या हिवाळ्यात दोनशे नक्की, असं ठरतं. मग बिल येतं.

सासवडहून दिवे घाटाच्या माथ्यापर्यंत जाताना पोटातली मिसळ तिच्या मूळ वजनाच्या दुप्पट झाल्याचं जाणवलं. माथ्यावर विठोबाची उंच मूर्ती आहे, खाली मस्तानी तलाव चमकतो आणि पलीकडे हडपसरच्या इमारती धुरकट दिसतात. कप्तान थांबले, ब्रेक तपासले आणि गंभीरपणे म्हणाले, 'आता पुढे खरंच उतार आहे.' कुणीही विश्वास ठेवला नाही. सगळ्यांनी सर्वांत हलका गिअर टाकला.

एक आजी सीताफळांची पाटी घेऊन बसल्या होत्या. आम्ही भोवती बसलो. आजींनी फळं फोडून हातावर ठेवली आणि सहाही सायकलींकडे नजर टाकली.

'गाडी न्हाई का तुमच्यात?'

'आहे की,' सीए म्हणाले.

'समद्यांकडं?'

'सगळ्यांकडे.'

'मग ह्ये कशापायी?'

सकाळपासून वापरून वापरून तब्येत संपली होती. पर्यावरणाचं नाव घ्यायला कप्तान धजेनात, त्यांची मोटार स्वारगेटला उभी होती. पेट्रोल वाचवायचं म्हणावं तर मिसळीचं बिल टाकीभर झालं होतं. सहाजण बिया थुंकत गप्प बसलो. शेवटी आजींनाच दया आली.

'आसूं द्या,' त्या म्हणाल्या. 'आखाडीसाठी माऊलींची पालखी ह्याच घाटानं वर येती. हजारो मानसं चालत येत्यात. त्यास्नी काय यष्टी घावत न्हाई व्हय?'

आम्ही उजळलो. कप्तान भारावून उठले, त्यांनी विठोबाच्या बाजूला हात जोडले, डॉक्टरांनी मान डोलावली. सीए तर म्हणाले, 'बघा! आजींनी बरोब्बर ओळखलं. ही आपली वारीच आहे.'

आजींनी पैसे कनवटीला लावले.

'वारी कसली,' त्या म्हणाल्या. 'वारकरी चढताना इठ्ठलाचं नाव घेतो. तुमी बसल्यापास्नं नुसतं मनगटाकडं बघताय.'