दोन वर्षांची स्मरणशक्ती

२००८ साली उपयोजित गणितात अव्वल कोण? ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ नॉनलिनिअर सायन्सेस अँड न्यूमेरिकल सिम्युलेशन’. इम्पॅक्ट फॅक्टर ८.९१, दुसऱ्या क्रमांकाचा जेमतेम ३.६९. गणितज्ञ डग्लस अर्नोल्ड आणि ग्रंथपाल क्रिस्टीन फाउलर यांनी खोदून पाहिलं, तर या नियतकालिकाचे सर्वाधिक संदर्भ देणारे निघाले खुद्द मुख्य संपादक! आपली पाठ आपणच थोपटायची, तर हात लांब हवा. इम्पॅक्ट फॅक्टर मोजतो मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांना मिळालेले संदर्भ. आणि योगायोग बघा, आलेल्या संदर्भांपैकी ७१.५ टक्के नेमके त्याच दोन वर्षांतल्या लेखांचे. (जुना गणिती प्वांकारे बिचारा मुदतबाह्य.) ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी मात्र या नियतकालिकाला चार श्रेणींत खालून दुसरी दिली. पण तज्ज्ञांना विचारतो कोण? बढतीच्या अर्जात रकाना आकड्याचाच असतो.