वांग्यापायी एकशेदहा पौंड

शिव शिव! लंडनमधल्या आमच्या कोजागरीला यंदा कुणाच्या सुनेबद्दल, कुणाच्या घटस्फोटाबद्दल चकार शब्द निघाला नाही हो! मसाला दूध निवून साय धरली, तरी पुरुषमंडळी कोपऱ्यात कुजबुजतायत, ‘तुमचा सीओपी किती?’ पूर्वी पोरांचे दहावीचे मार्क फुगवून सांगत, आता हा आकडा.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. बाहेरच्या गारठ्यातून ऊब ओढून घरात आणतो. विजेचं १ युनिट खाऊन उबेची ३ दिली, की सीओपी ३. लॉर्ड केल्विननं १८५२ मध्येच ही युक्ती मांडली होती. पण तेव्हा सरकार साडेसात हजार पौंड कुठे देत होतं?

ते अनुदान कानावर पडलं आणि आमच्या एका भावोजींनी बॉयलरला सोडचिठ्ठी द्यायचं ठरवलं. ‘बिल निम्मं!’ म्हणे. वहिनींनी तिथेच कागदी रुमालावर हिशेब मांडला. वर्षाचा गॅस १०,००० युनिटं, साधारण ६ पेन्सनं ६०० पौंड. बॉयलर दहा टक्के वाया घालवतो, म्हणजे घरात ऊब ९,०००. सीओपी ३ धरला तर वीज ३,००० युनिटं, आणि वीज २६ पेन्सच्या घरात! झाले ७८०. ‘ही बचत की दंड?’

भावोजींनी तत्परतेनं सीओपी ४ केला. ५८५. वर्षाला पंधरा पौंड वाचले, वाजवा टाळ्या! शिवाय ४ काही नुसतं बोलून मिळत नाही. मोठे रेडिएटर हवेत, त्यांतलं पाणी सत्तरऐवजी पंचेचाळीस अंशांवर ठेवायचं, आणि पंपाला संथपणे चालू द्यायचं. हे गृहस्थ तर मध्यरात्री उठून थर्मोस्टॅट पिळतात! (स्वस्त वेळेचा वीजदर घेतला तर गणित बरंच सुधारतं. पण त्यासाठी घड्याळ पाहावं लागतं, आणि भावोजी कार्यक्रमालाच तासभर उशिरा आले होते.)

खरी भानगड पुढेच. गॅसचा मीटरच काढून टाकला, तर रोजचा सुमारे ३० पेन्स स्थिर आकार वाचतो. वर्षाचे झाले ११० पौंड. म्हणजे घबाड इथे दडलंय! पण मीटर गेला की शेगडी गेली. फुलका फुगवायचा कशावर? भरताचं वांगं भाजायचं कुठे? ‘इंडक्शनवर,’ असं भावोजी चारचौघांत म्हणाले. वहिनींनी हातातला पेला खाली ठेवला.

आता कळतंय, पंप बसला, शेगडीही शाबूत आहे. वांग्यापायी रोजचे ३० पेन्स! आणि भावोजी सांगत फिरतात, सीओपी साडेचार.