वाढत्या अंगाचा जोडा

कुठलंही पायताण घ्यायला गेलं की दुकानदार आधी पाय बघतो. आमच्या कोल्हापुरात चप्पल लाईनला तर कागदावर पाऊल ठेवायला लावून भोवतीने पेन्सिल फिरवतात. बर्फात चालायचा जोडा, म्हणजे स्नोशू, मात्र पायाकडे ढुंकूनही बघत नाही. तो वजन विचारतो. तेही नुसतं अंगाचं नव्हे. अंगावरचा कोट, पायातले बूट, पाठीवरची पिशवी, पिशवीतला थर्मास आणि थर्मासातला चहा, सगळं धरून. इतका चौकस जोडा माझ्या तरी पाहण्यात नाही.

भर मंगळवार पेठेत ही चौकशी सुरू झाली ती मुलीमुळे. ती ओटावात असते. तिथली नदी ओलांडली की पलीकडे क्वेबेकमध्ये गॅटिनो पार्क नावाचं मोठं रान आहे, आणि हिवाळ्यात तिथे स्नोशूवाल्यांसाठी वेगळ्या वाटा आखलेल्या असतात. जानेवारीत आम्ही जाणार, तेव्हा आजोबा-नातवाने त्या वाटांवर जोडीने चालावं, असा तिचा बेत. नातू सहा वर्षांचा. मी निवृत्त, आणि तब्येतीने बरा. महाराष्ट्र केसरीच्या गटात उतरायला ८६ ते १२५ किलो वजन लागतं. त्या एका अटीपुरता मी आजही पात्र आहे, एवढं सांगितलं की पुरे.

“बाबा, वजन सांगा,” ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

“पंच्याऐंशी.”

मागे चहा गाळत असलेली आमची ही म्हणाली, “ते लग्नाच्या अल्बममधलं. आत्ताचं सांगा.”

मुलीने मग शांतपणे सगळं समजावलं. बुटाचा तळ तो केवढा. ताज्या, भुसभुशीत बर्फात अंगाचा सगळा भार तेवढ्यावरच येतो आणि माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो. चिखलात फळी टाकून तिच्यावरून जावं, तसा हा जोडा भार पसरून देतो. फळी पायाला बांधलेली असते, एवढंच. बूट आपलेच, त्यांच्याखाली स्नोशू पट्ट्यांनी आवळायचा, म्हणून पायाच्या नंबराला तिथे फारशी किंमत नाही. टाच मोकळी राहते, पुढचा भाग बिजागरीवर हलतो, आणि चढावर घसरू नये म्हणून तळाला धातूचे दात असतात. कंपनीगणिक आकडे बदलतात, पण ढोबळ हिशेब असा, की २५ इंची जोडा नव्वदेक किलोपर्यंत चालतो, ३० इंची एकशे दहाच्या थोडा पुढेपर्यंत, आणि त्याच्यावर गेलात की ३६ इंची.

म्हणजे खरा आकडा काढणं आलं. वजनकाटा आमच्या घरात नाही. हिने तो आणायचा विषय अनेकदा काढला आणि मी दर वेळी तो खर्च अनाठायी ठरवला. शेवटी मार्केट यार्डात एका मित्राची गुळाची अडत आहे, तिथे गेलो. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं. त्यात स्वेटर, वर जाड रेनकोट, पायात बूट, पाठीवर भरलेली पिशवी, अशा अवतारात काट्यावर उभा राहिलो. सौदे थांबले. एका म्हाताऱ्या हमालाने काट्याकडे न बघता माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, “पावणेचार रवं.” गुळाचा जुना मोठा रवा ३० किलोचा. काट्यावर आकडा उमटला, ११२. आयुष्यभर गूळ उचललेल्या माणसाशी मशीनने वाद घालू नये.

११२ म्हणजे ऐन वेशीवर. ३० इंची घ्यावा तर काठोकाठ, ३६ इंची घ्यावा तर जरा अतीच. अशा वेळी कोल्हापूरकर कट्ट्यावर जातो. रंकाळ्यावर आमच्या सकाळच्या टोळक्यात कुणी बर्फ पाहिला होता तो मसुरीला हनिमूनमध्ये, कुणी उसाच्या रसात. पण म्हणून मत द्यायचं कुणी थांबलं नाही. “दांडगाच घे भावा, पैसे वसूल,” यावर बहुमत झालं. सुदैवाने त्यात एक निवृत्त सुभेदार आहेत, शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे. त्या गावात घरटी फौजी. सुभेदारांची उमेदीची वर्षं काश्मीरच्या बर्फात गेली. ते तोवर गप्प होते.

“वाट तुडवलेली हाय का कोरा बर्फ?” त्यांनी विचारलं.

“आखलेली वाट आहे. लोक रोज चालतात.”

“मग तीस बास. तुडवलेल्या वाटंवर मोठा घेतला तर आपल्याच फळीवर आपलाच पाय पडतोय. कोऱ्यात जायचं असंल तर मोठाच पायजे. आणि मागं सरकायचं न्हाई कधी. शेपूट रुततंय आणि माणूस उताणा. वळायचं ते गोल वळायचं.”

स्नोशू घालून पाय थोडे फाकवूनच टाकावे लागतात, हेही त्यांनी सांगितलं. त्याची मला चिंता नव्हती. ती चाल या गावात तालमीच्या दारात लहानपणापासून बघून पाठ असते; जोडा नसतानाही कित्येक जण तशीच चालतात.

कामात काम म्हणून चप्पल लाईनला नेहमीच्या कारागिराकडेही गेलो. मोबाइलवर त्यांना जुन्या पद्धतीच्या स्नोशूचं चित्र दाखवलं. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी ॲशचं लाकूड वाफेवर वाकवून चौकट करत आणि तिच्यात मूस नाहीतर कॅरिबूच्या कातड्याच्या वाद्यांची जाळी विणत. कारागिरांनी आधी संशयानेच पाहिलं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल चालवली, तेव्हापासून परदेशी पायताणाचं चित्र पुढे केलं की इथे कपाळाला आठी पडते. मग मात्र त्यांनी फोन हातात घेतला, चित्र मोठं केलं आणि वादीन् वादी बघितली.

“वीण झकास हाय. पण कातडं कमावलेलं न्हाई, कच्चं हाय. ओलं झालं की ढिलं पडणार.”

बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडं कमावणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला ते चित्रावरूनही कळतं. रात्री मुलीला विचारलं तर ती म्हणाली, अगदी तसंच. म्हणून लाकडी जोड्यांच्या जाळीला वार्निश लावून जपावं लागतं. आता बहुतेक जोडे ॲल्युमिनियमच्या चौकटीचे नाहीतर सगळेच प्लॅस्टिकचे. लाकडाचे जोडे पुष्कळ जण भिंतीवर टांगतात म्हणे. आपल्याकडेही कापशी चपलेला आता दिवाणखान्याचे दिवस आलेच आहेत.

मग निघाला नातवाच्या जोड्याचा विषय. हिचं मत ठाम. “एक माप मोठंच घे. वाढतं अंग आहे, तीन हिवाळे जातील.” जूनमध्ये शाळेचे बूट घेताना पुढे कापूस कोंबायचा आणि दिवाळीपर्यंत पोराला फरफटत चालवायचं, ही आमच्या घराण्याची रीत. मुलगी त्याच रीतीने वाढलेली, त्यामुळे तिचा आवाज चढला. मुलांचे जोडे साधारण १६ इंचांच्या आसपास, हलके, हातमोजे घातलेल्या हातांनाही बांधता येतील अशा पट्ट्यांचे, तेसुद्धा वजनावरच. मोठ्या माणसांच्या मापाचा दिला तर सहा वर्षांचं पोर पावलागणिक अडखळतं आणि पंधरा मिनिटांत रडायला लागतं. आपल्या संसारात पोराचं माप नेहमी वाढवून आणि स्वतःचं वजन नेहमी उतरवून सांगतात. बर्फात दोन्ही नडतं. पोर जोड्यात अडकतं आणि बाप बर्फात.

तर नातवाचा १६ इंची, माझा ३० इंची, असं ठरत आलं. ठरलं म्हणून सुभेदारांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“पोरगं थकल्यावर कुणाच्या खांद्यावर बसणार?”

याचं उत्तर सगळ्या कट्ट्याला ठाऊक होतं. जोतिबाच्या पायऱ्यांवर तो खांद्यावर होता, पन्हाळ्यावर तीन दरवाजापासून खांद्यावर होता, अगदी रंकाळ्याभोवतीही निम्म्या फेरीनंतर खांद्यावरच असतो. त्याचे २० किलो, वर कोट-बूट आणि त्याचे स्वतःचे स्नोशू काढून माझ्याच पिशवीत. बेरीज १३४. सुभेदार म्हणाले, “फौजेत पिठ्ठूसकट वजन धरत्यात. तुमचा पिठ्ठू बोलतोय, एवढाच फरक.”

मुलीचं म्हणणं, तिथे मुलांना ओढायच्या घसरगाड्या मिळतात, कुणी खांद्यावर घेत नाही, आणि जोडेही आधी भाड्याने आणून बघू. ती तज्ज्ञ आहे. पण नातू माझ्या ओळखीचा आहे. ३६ इंचीवर शिक्कामोर्तब झालं. हिला वजन विचारलं तेव्हा तिने मी गाडीत बसून शेंगा खाईन असं सांगितलं, आणि त्या आकड्याचा विषय तिथेच मिटला.

नातवाला फक्त एकाच गोष्टीत रस होता. मुलांच्या काही जोड्यांच्या तळाला अस्वलाचा पंजा कोरलेला असतो. चालत गेलं की मागे अस्वलाची पावलं उमटत जातात. त्याला तोच हवा होता. मी म्हटलं, मलाही तसलाच बघ. त्याच्या आईने शोध शोध शोधलं आणि सांगितलं की तो मोठ्यांच्या मापात कुठे दिसत नाही.

“आजोबांना कशाला?” तो पडद्यावरून म्हणाला. “ते बर्फातून गेले तर लोकांना कळेलच की.”