दीड इंच

आमचं मोदकपात्र वर्षातले 364 दिवस पलंगाखाली राहायचं. शेजारी जुना टेबलफॅन, चाक तुटलेली बॅग आणि अहोंची योगासनांची चटई, म्हणजे निवृत्तांचीच संगत. हरतालिकेच्या संध्याकाळी कुणीतरी जमिनीवर पालथं पडून, झाडूचा दांडा आत घालून त्याला बाहेर ओढायचं. मग ते तीन वेळा घासायचं. कारण गणपतीला मोदक चालतात, पण मोदकांना जळमटं चालत नाहीत.

स्वयंपाकघर सोडून त्याला असं वनवासात धाडण्याचं कारण अगदी साधं होतं. ओट्याखालचं प्लायवूडचं कपाट आतून 24 इंच उंच आणि मोदकपात्र झाकणाच्या मुठीसकट 15 इंच. यात न मावण्यासारखं काय, असं चौथीतलं पोरही विचारेल. पण मध्ये फळी होती. खालचा कप्पा साडेतेरा इंच, वरचा पावणेदहा आणि मधला पाऊण इंच खुद्द फळीबाईंचा. अडलं होतं ते फक्त दीड इंचावर.

फळी सरकत नव्हती, निघत नव्हती, हलतही नव्हती. 1995 साली फ्लॅटचं फर्निचर झालं तेव्हाची ती, आणि मी या घरात आले 1997 साली. माझ्याआधी दोन वर्षं आलेली, त्यामुळे मानानं मोठी. इतकी वर्षं मी तिच्या कलानं भांडी घेतली. दुकानात कुकर आवडला तरी आधी पर्समधून टेप काढून त्याची उंची मोजायची. दुकानदाराला वाटायचं, बाई सरकारी तपासणीला आल्यात.

राग होता तो सुतारावर. साडेतेरा इंच हे काय माप झालं? जन्मात कधी वरणाचं पातेलं उचललं नसेल त्यानं, असं मी येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. त्यातच एकदा मासिकात फ्रँकफर्ट किचनबद्दल वाचलं आणि मला आधारच मिळाला. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी ते आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर. कपाटं, खण, डबे सगळं जागच्या जागी बसवलेलं. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं तिथे झाली आणि आजच्या मॉड्युलर किचनचा वंश तिथपर्यंत नेऊन जोडतात. आणि या बाईंनी पुढे स्वतःच सांगून टाकलं की हे आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता. मी तो अंक बरेच दिवस फ्रिजवर ठेवला होता. माझ्या खटल्यातला पुरावा म्हणून.

यंदा गुडघे दुखायला लागले. पलंगाखाली जाणं जमतं, पण परत येणं जमत नाही. म्हणून ठरवलं की मोदकपात्राला घरी आणायचं.

अहोंनी त्यांच्या परीनं तोडगे काढले. पहिला, ‘आडवं ठेव.’ ठेवलं. दार उघडलं की झाकण, जाळ्या आणि खालचं भांडं अशी मिरवणूक पायावर यायला लागली. दुसरा, ‘मूठ काढून ठेव.’ मूठ एक इंचाची. तरी अर्धा इंच उरलाच.

मग सुताराला बोलावलं. हा नवा, राजस्थानकडचा. त्यानं आत डोकं घातलं, टिचकी मारली आणि डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून बाहेर आला. ‘भाभी, ये निकलेगा नहीं. खांचे में है.’ म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्लायला आतून खाच पाडलेली, खाचेत फेव्हिकॉल भरलेलं, फळी दोन्हीकडे खाचेत रुतवलेली आणि वर बाहेरून खिळे. खोकं जुळवतानाच ती आत गेली होती. आता पुढे ओढावी तर तोंडाशी बीडिंग, वर उचलावी तर खाच. शिवाय फळी काढली तर खोकं फाकेल, असंही त्याला वाटत होतं. एका बाजूला भिंत आणि दुसरीकडे घट्ट बसलेली ट्रॉली असताना ते फाकून जाणार कुठे, हे मी विचारलं. त्यावर त्यानं नव्या कपाटाचा भाव सांगितला.

आमचं नशीब म्हणून प्लाय तरी होतं. वरच्या मजल्यावर ओट्याखाली कडप्पा आहे. तिथे ओटाच उभ्या कडप्प्यांच्या जिवावर उभा असतो, त्याला हात लावण्याचा विचारसुद्धा करू नये.

फेव्हिकॉल बाजारात आलं 1959 साली. त्याआधी सुतार सरस शिजवायचे, हाडांचा नाहीतर कातड्याचा. तो ओलावा आणि ऊब मिळाली की सैल पडतो. हे पांढरं बेणं तसं सहज ऐकत नाही, पण उष्णतेनं थोडं नरमतं असं ऐकून मी लेकीचा हेअर ड्रायर चालवून पाहिला. फळी गरम झाली, बाकी काही नाही. ‘वाफेवर ठेवून बघू या का?’ मी म्हटलं. अहो म्हणाले, ‘मोदकपात्रात मावायची नाही.’ हा त्यांचा वर्षातला एक विनोद. तो त्यांनी त्या दिवशी खर्च केला.

शेवटी कळलं की उपाय एकच, मधोमध कापायची. हार्डवेअरवाल्याकडून जिगसॉ भाड्यानं आणली. डोळ्यांवर चष्मा, नाकाला ओढणी, आणि अहोंच्या हातात टॉर्च. टॉर्चचा उजेड शेवटपर्यंत त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर होता. जिगसॉ सनमायकाचे टवके उडवत झकास आत गेली आणि पाठीच्या अलीकडे थांबली. पात्याच्या पुढे तिचं नाक असतं, ते आधी टेकतं. राहिलेलं अंतर मी मोजलं. दीड इंच.

हसावं की रडावं कळेना. हॅकसॉचं नुसतं पातं घेतलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि तो दीड इंच पाऊण तास घासला. मग कापलेल्या कडेवर गुडघा ठेवून डावी अर्धी फळी खाली दाबली. आधी काहीच झालं नाही. मग खाचेतून कर्रर्र असा आवाज आला, जुन्या दुखण्याची पट्टी ओढल्यासारखा, आणि फळी खिळ्यांसकट हातात आली. उजवीनं जरा जास्त मान मागितला. उरलेले खिळे पकडीनं उपटले. कपाटात दोन्हीकडे उघड्या प्लायची एकेक रेघ राहिली, तिच्यात पिवळं पडलेलं फेव्हिकॉल.

आवाज ऐकून सासूबाई वॉकर टेकत आल्या. वाकून बघितलं. ‘काढलीस?’

‘काढली, आई. त्या सुताराला...’

‘सुताराचं काही नाही त्यात. लोणच्याची बरणी उभी करून, दादरा बांधून, वर दोन बोटं जागा सोडून मीच खूण करायला लावली होती.’

ती चिनी मातीची बरणी 2003 साली फुटली. कुणाच्या हातून, हे त्या क्षणी कुणीच काढलं नाही. अहोंनी टॉर्च विझवला.

‘मग इतकी वर्षं सांगायचं नाही का?’

‘तू त्याला शिव्या देत होतीस,’ आई म्हणाल्या, ‘मी कशाला मध्ये पडू?’

मोदकपात्र आता कपाटात आहे. वर नऊ इंच मोकळे आहेत. त्यांच्यासाठी बाजूंना ओळीनं पाच मिलिमीटरची भोकं पाडून, पिनांवर टेकणारी, हवी तेव्हा हलवता येणारी फळी करायची आहे. जुन्या फळीचे दोन तुकडे मात्र पडून आहेत, प्रत्येकी साधारण पंधरा बाय वीस इंच, एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, एका कडेला टवके, बाकी ठणठणीत. देव्हाऱ्याखाली किंवा कुंडीखाली चालतील. ज्यांना हवेत त्यांनी सातनंतर येऊन घेऊन जावेत. फक्त आई बाहेरच्या खोलीत असतील तर सुताराचा विषय काढू नका.